उष्टावण झाले, पुढे काय?

जयपूरच्या वायव्येला असलेला झोटवाडा एके काळी शहराबाहेर होता, आता शहराचाच भाग झाला आहे. जवळच विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र, पलीकडे कालवाड रोडच्या नव्या वसाहती आणि मधल्या गल्ल्यांत दुमजली, तिमजली घरे. खाली घरमालक, वर भाडेकरू. कारखान्यातली नोकरी, बँकेतली बदली किंवा सैन्यातली नेमणूक यांमुळे इथे येऊन राहिलेली मराठी जोडपी अशा वरच्या मजल्यांवर संसार थाटतात. जिना चढून आल्यावर दाराशी तुळस आणि स्वयंपाकघरात कोल्हापुरी मसाल्याची बरणी दिसली की घर मराठी आहे हे ओळखावे.

अशा घरातल्या बाळाला सहावा महिना पुरा झाला की उष्टावणाचा बेत ठरतो. मामा नागपूरहून किंवा नाशिकहून येतो, चांदीच्या वाटीत तांदळाची खीर होते, मामा सोन्याची अंगठी खिरीत बुडवून बाळाच्या जिभेला लावतो. बाळ तोंड वाकडे करते, सगळे हसतात, फोटो निघतात. दोन दिवसांनी मामा परत जातो. वाटी कपाटात जाते. आणि आईपुढे प्रश्न उभा राहतो, की आता रोज याला द्यायचे काय, किती आणि कसे?

सल्ला द्यायला माणसे कमी नसतात. बाळाची आजी महिनाभर राहायला आलेली असते. "अहो आई, डाळ-भात मऊ करून देऊ का?" असे सुनेने विचारले की आजी म्हणते, "इतक्यात नको गं, पोट बिघडेल. वरणाचं वरचं पाणी दे, भाताची पेज दे." खालच्या मजल्यावरच्या भाभीजी वर डोकावतात आणि सांगतात, "अभी तो दाल का पानी ही पिलाओ. चाय में बिस्कुट भिगोकर दे दो, सब बच्चे ऐसे ही बड़े हुए हैं." विदर्भातली आजी आणि ढूंढाडातल्या भाभीजी यांचे एरवी कोणत्याही पदार्थावर एकमत होणार नाही. इथे मात्र होते, की बाळाचे अन्न पातळ हवे. नेमके हेच एकमत बाळाला महागात पडते.

पाण्याने भरलेले पोट

हिशेब सोपा आहे. बाळाचे पोट त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण 30 मिलिलिटर धरते. सात किलोच्या बाळाचे पोट 210 मिलिलिटरमध्ये भरते, म्हणजे एका मध्यम वाटीत. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला आईच्या दुधाखेरीज वरच्या अन्नातून रोज सुमारे 200 कॅलरी हव्या असतात. नऊ ते अकरा महिन्यांत 300 आणि वर्ष झाल्यावर 550.

आता पातळ पेज घ्या. वाटीभर पेजेत तांदूळ जेमतेम 10 ग्रॅम असतो. त्यातून मिळतात 35 कॅलरी. वरणाच्या वरच्या पाण्यात तर त्याहूनही कमी, कारण डाळ खाली बसलेली असते आणि वर हळद, मीठ व पाणी उरते. बाळ वाटीभर पितेही, पोट तट्ट फुगते, ते आईचे दूधही कमी घेते आणि घरात समाधान असते की बाळ छान जेवते. प्रत्यक्षात ते उपाशी असते. याउलट चहाच्या एका चमच्याएवढ्या तुपात 45 कॅलरी असतात. पेजेच्या अख्ख्या वाटीपेक्षा जास्त!

म्हणून पहिला नियम असा की खाली बसलेली डाळ बाळाला द्यावी, वरचे पाणी मोठ्यांनी आमटीत घ्यावे. डाळ-तांदूळ एकत्र मऊ शिजवून, बोटाने किंवा चमच्याने चांगले घोटून, वर तूप घालून द्यावे. दाटपणा ओळखायची खूण सोपी आहे. चमचा तिरका केला तरी अन्न घरंगळून पडता कामा नये. मिक्सरमध्ये गंधासारखे वाटून देण्याची सवय हल्ली फार वाढली आहे. तिची गरज नाही. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत चालेल, पण नवव्या महिन्यात बाळाला अन्नात बारीक दाणे, मऊ गोळे लागले पाहिजेत. ज्या बाळांना वर्षभर नुसते वाटलेलेच मिळते, ती पुढे पोळीचा तुकडा पाहून ओकारी काढतात.

दाट खीर बाळाला गिळता येत नाही, पातळ केली तर पोषण उरत नाही, या पेचावर आपल्याकडच्या जुन्या स्वयंपाकात एक उत्तर आहे, नाचणीचे सत्त्व. धान्याला मोड आले की त्यात एक पाचक द्रव्य तयार होते. ते पिठूळ पदार्थाचे लांब धागे तोडते आणि दाट खीर पाणी न घालताच सैल होते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात यावर पद्धतशीर प्रयोग केले आणि मोड आलेल्या धान्याचे अगदी थोडे पीठ दाट खिरीला पुरते, हे दाखवून दिले. बाजारातल्या कोणत्याही डब्याहून ही गोष्ट स्वस्त आहे आणि तिची जाहिरात कोणी करत नाही, हेच तिचे दुर्दैव म्हणायचे.

जयपुरात नाचणी सहज मिळाली नाही तरी अडत नाही. गहू रात्रभर भिजवावा, फडक्यात बांधून मोड आणावे, सावलीत वाळवावा, कढईत मंद आचेवर नुसता गरम करून दळावा. खमंग भाजायचे नाही, भाजले की मोडांतले पाचक द्रव्य मरते. बाजरीचेही असेच करता येते. डाळ-तांदळाची किंवा दलियाची दाट खीर शिजवून खाली उतरवावी, उकळी थांबली की त्यात या पिठाचा लहान चमचा घालून ढवळावे. काही मिनिटांत खीर सैल होते. मग तिला पुन्हा एक उकळी द्यावी, म्हणजे कच्च्या पिठातून जंतू जाण्याची भीती राहत नाही.

सहा महिने की चार?

आजी म्हणते, "आमच्या वेळी डॉक्टर चौथ्या महिन्यातच वरचं सुरू करायला सांगत." ती खोटे बोलत नाही. 2001पर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचाच सल्ला चार ते सहा महिने असा होता. त्या वर्षी जगभरचे पुरावे तपासून तो सहा महिने पूर्ण असा बदलला. तोवर आईचे दूध पुरते आणि लवकर दिलेल्या अन्नाबरोबर जंतू पोटात जातात, हे त्यामागचे कारण. आजीला अडाणी ठरवण्याऐवजी तारीख बदलली आहे एवढेच सांगितले तर घरात वाद होत नाही. आपल्या गृह्यसूत्रांनीही अन्नप्राशन सहाव्या महिन्यातच सांगितले आहे, हा मुद्दा आजीपुढे सहसा चालून जातो.

मात्र उशीर करणे हेही तितकेच वाईट, किंबहुना राजस्थानात आणि महाराष्ट्रातही तोच प्रकार अधिक घडतो. "दात येऊ देत", "मावशीचं बाळ वर्षभर दुधावरच होतं" अशी कारणे निघतात. 2019 ते 2021च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा ते तेवीस महिन्यांच्या बाळांपैकी पुरेसा आहार मिळणारी बाळे देशभरात 11.3 टक्के निघाली. दहांत जेमतेम एक! हे केवळ गरिबीने होत नाही. भाताचा डबा भरलेला असलेल्या घरांतही होते.

गुटगुटीत, पण गप्प बाळ

उशीर कुठवर नेऊ शकतो, हे बालरोगतज्ज्ञांना ठाऊक असलेल्या एका आजारावरून कळते. त्याला ते 'इन्फंटाइल ट्रेमर सिंड्रोम' म्हणतात. आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकांत त्याचे वर्णन 1950च्या दशकापासून येत आहे आणि राजस्थानातल्या रुग्णालयांनाही तो परिचित आहे. बाळ सहा महिने ते दीड वर्षाचे असते. दिसायला हडकुळे नसते, कित्येकदा गुटगुटीतच असते, त्यामुळे घरच्यांना शंका येत नाही. पण चेहरा फिकट, केस विरळ व तपकिरी, बोटांच्या पेरांवरची कातडी काळवंडलेली. हसणारे बाळ हसेनासे होते. बसू लागलेले बाळ बसणे विसरते. आई समोर आली तरी शून्य नजरेने पाहते. मग एखादा साधा ताप किंवा जुलाब होतो आणि त्यानंतर हात, मान, जीभ थरथरू लागते. झोपेत थरथर थांबते, जाग आली की पुन्हा सुरू.

अशा बाळांची हकिगत विचारली तर ती बहुधा एकच निघते. आई पूर्ण शाकाहारी, दूध-दहीही फारसे न घेणारी. बाळ केवळ आईच्या दुधावर, वरचे अन्न नाहीच किंवा नावापुरते. आईच्या अंगात 'ब-12' जीवनसत्त्व नाही, म्हणून तिच्या दुधात नाही, म्हणून बाळात नाही. उपचाराने थरथर काही आठवड्यांत थांबते, बाळ पुन्हा हसू लागते. मात्र ज्या महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढायला हवा होता त्या महिन्यांत जे राहून गेले, ते काही मुलांत पूर्ण भरून येत नाही.

राजस्थानात दर चार माणसांपैकी तीन शाकाहारी आहेत. झोटवाड्यातल्या घरमालकाने घर देतानाच "अंडा-मांस नहीं चलेगा" असे बजावलेले असते आणि अंडे खाणारे मराठी कुटुंबही दोन वर्षांत शाकाहारी होऊन जाते. घरमालकाच्या श्रद्धेचा मान राखणे योग्यच. पण मग ती उणीव भरून काढावी लागते. 'ब-12' वनस्पतींत नसते, दूध, दही, पनीर यांत असते. बाळंतिणीने रोज दूध-दही घेतलेच पाहिजे आणि कडक शाकाहारी असेल तर गरोदरपणातच डॉक्टरांना विचारून गोळ्या सुरू कराव्या. बाळाला सहा महिन्यांनंतर घरचे ताजे, गोड दही रोज दोन-चार चमचे द्यावे. ज्या घरात अंडे चालते, तिथे पूर्ण उकडलेले अंडे पिवळ्या-पांढऱ्या भागासह कुस्करून द्यायला हरकत नाही. वर्षापर्यंत पांढरे देऊ नये, हा सल्ला आता मागे पडला आहे.

चहात बुडवलेले बिस्किट

लोहाचे तसेच. बाळ जन्मताना आईकडून लोहाची शिदोरी घेऊन येते आणि ती सहा महिन्यांच्या सुमाराला संपते. आईच्या दुधात लोह थोडेच असते. त्याच पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी राजस्थानात 71.5 टक्के आणि महाराष्ट्रात 68.9 टक्के मुले रक्तक्षयी आढळली. म्हणजे माहेरी असो की जयपुरात, फरक फारसा पडत नाही.

भाभीजींचे चहा-बिस्किट इथे आडवे येते. चहातला टॅनिन हा घटक अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. बिस्किटात मैदा, साखर व तेल. बाळाला ते आवडते हे खरे, पण गोड कोणाला आवडत नाही? एकदा ही चव लागली की साधा डाळ-भात ते थुंकून टाकते, आणि मग "आमचं बाळ दुसरं काही खातच नाही" ही तक्रार सुरू होते.

दुसरी आडवी येणारी गोष्ट म्हणजे गाई-म्हशीच्या दुधावर असलेली आपली श्रद्धा. बाळ जेवत नाही, तर द्या बाटलीभर दूध! या दुधात लोह नगण्य असते, वर्षाच्या आतल्या काही बाळांच्या आतड्यांतून त्यामुळे नकळत थोडे रक्तही जाते आणि पोट भरल्याने बाळ जेवत नाही ते वेगळेच. खिरीत घातलेले थोडे दूध किंवा दही ही निराळी गोष्ट. आईचे दूध काही कारणाने मिळतच नसेल तर काय द्यायचे, ते मात्र डॉक्टरांनाच विचारावे.

शाकाहारी घरात लोह येते ते डाळी, मोड आलेले मूग, बाजरी, तीळ, हिरव्या पालेभाज्या यांतून. ते अंगी लागावे म्हणून वर लिंबाचे चार थेंब पिळावे किंवा पेरूचा, संत्र्याचा गर द्यावा. राजस्थानी बाजरीच्या खिचडीत मूगडाळ आणि तूप असते. ही खिचडी मऊ शिजवून, घोटून दिली तर बाळासाठी उत्तम, आणि इथे भाभीजींचा सल्ला मनापासून घ्यावा. सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर लोहाचे पातळ औषध देतात. ते आशाताईंकडे किंवा अंगणवाडीत मिळते. भाडेकरू असलो, परप्रांतीय असलो तरी अंगणवाडीत जाण्याचा संकोच करू नये. लसीकरणासाठी मिळणाऱ्या कार्डाला राजस्थानात 'ममता कार्ड' म्हणतात, त्यात वजनाचा तक्ताही असतो.

जयपूरचा उन्हाळा आणि पाणी

मे महिन्यात जयपूरचा पारा 45 अंशांकडे जातो. लू वाहते, कूलरही गरम वारा फेकतो. तान्ह्या बाळाला घोटभर पाणी न देणे आजीला निर्दयपणाचे वाटते. पण आईच्या दुधात सुमारे 88 टक्के पाणीच असते. बाळाने दिवसातून सहा-सात वेळा लघवी केली आणि ती फिकट असली, तर त्याला सहा महिने पुरे होईपर्यंत वेगळ्या पाण्याची गरज नाही. उन्हाळ्यात दूध जरा जास्त वेळा पाजावे आणि आईने स्वतः पाणी जास्त प्यावे. सहा महिन्यांनंतर जेवणाबरोबर दोन-चार घोट पाणी वाटी-चमच्याने किंवा लहान पेल्याने द्यावे. घरात जुने चांदीचे बोंडले असेल तर ते घासून, उकळून वापरता येते. बाटली नको. बुचाच्या खाचेत राहिलेले दूध उन्हाळ्यात तासाभरात नासते आणि जुलाबांना आमंत्रण मिळते.

पाणी कोणते, हा प्रश्न इथे महाराष्ट्रापेक्षा अवघड आहे. बीसलपूर धरणाचे नळाचे पाणी उकळून, गाळून, झाकून ठेवले की काम भागते. परंतु बऱ्याच घरांत कूपनलिकेचे किंवा टँकरचे पाणी येते. झोटवाडा परिसरातल्या भूजलाचा उपसा फार झाला आहे आणि राजस्थानच्या भूजलात फ्लोराइड व नायट्रेट जास्त असणे ही जुनी समस्या आहे. उकळल्याने जंतू मरतात, हे क्षार जात नाहीत. उलट पाणी आटले की त्यांचे प्रमाण वाढते. नायट्रेट फार असलेल्या पाण्यात पावडरचे दूध कालवून लहान बाळाला दिले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून बाळ निळे पडू शकते. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट चालत नाही आणि फ्लोराइड 1, फार तर दीड मिलिग्रॅम. कूपनलिकेचे पाणी असेल तर ते एकदा जलदाय विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावे. तोवर बाळासाठी नळाचे किंवा आर. ओ. यंत्राचे पाणी वापरणे शहाणपणाचे.

फळांचा रस, ग्लुकोजचे पाणी, साखरपाणी, सरबत, थंड पेये यांतले काहीही वर्षाच्या आत देऊ नये. रसापेक्षा फळच कुस्करून द्यावे. केळे, पपई, उन्हाळ्यात आंब्याचा गर, हिवाळ्यात उकडलेले गाजर आणि रताळे. जयपूरच्या थंडीतली लाल गाजरे नुसती उकडून घोटली तरी साखर घालावी लागत नाही. वर्षाच्या आत बाळाच्या अन्नात साखर आणि मीठ घालायचेच नाही. आपल्याला अळणी लागते, बाळाला नाही. त्याने मीठ अजून चाखलेलेच नसते.

डब्यावरचे बाळ कुठे गेले?

जुन्या मासिकांत बाळाच्या दुधाच्या व खाण्याच्या डब्यांवर गुबगुबीत बाळाचे चित्र असे. ते चित्र आता दिसत नाही. 1992 साली संसदेने कायदा करून बाळाच्या दुधाला पर्याय असलेली पावडर, दुधाच्या बाटल्या आणि बालान्न यांच्या विक्रीच्या पद्धतींना लगाम घातला. 2003 साली तो अधिक कडक झाला आणि दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी असलेल्या या वस्तूंच्या जाहिरातीवर बंदी आली. डब्यावर आई-बाळाचे चित्र छापता येत नाही, फुकट नमुने वाटता येत नाहीत. तरीही प्रसूतिगृहातून निघतानाच कुणी डब्याचे नाव चिठ्ठीवर लिहून देत असेल, तर आईने कारण विचारायला कचरू नये.

डबाबंद अन्न विष नाही, प्रवासात त्याचा उपयोग होतो. पण त्याला अमृत समजू नये. एप्रिल 2024मध्ये स्वित्झर्लंडमधल्या 'पब्लिक आय' या संस्थेने एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या बालान्नाची तपासणी प्रसिद्ध केली. भारतात विकल्या जाणाऱ्या नमुन्यांत एका वेळच्या खाण्यामागे सरासरी 2.7 ग्रॅम वरून घातलेली साखर होती, तर युरोपातल्या काही देशांत तेच अन्न बिनसाखरेचे विकले जात होते. देशात गदारोळ झाल्यावर त्या कंपनीने बिनसाखरेचे प्रकार भारतातही आणत असल्याचे जाहीर केले. तेव्हा डबा घ्यायचाच तर मागची बारीक अक्षरे वाचावी.

मध, गुटी आणि शेंगदाणे

मध वर्षाच्या आत नको. जन्मल्याबरोबर चाटवायचाही नको. मधात एका जंतूची बीजे असू शकतात, ती लहान बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळे पडते. हा आजार अमेरिकेत 1976 साली ओळखला गेला. मध उकळला तरी ही बीजे मरत नाहीत.

बाळगुटीबद्दल आजीचे मन दुखावू नये, पण सहाणेवर उगाळलेल्या हिरडा-वेखंडाने बाळाचे पोषण होत नाही. अस्वच्छ सहाण, न उकळलेले पाणी आणि मुळ्यांवरची बुरशी यांनी जुलाब मात्र होतात. एके काळी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या आया बाळाला अफूची बाळगोळी देऊन झोपवत, हेही आपल्याच परंपरेत होते. परंपरा आहे म्हणून सारे सारखेच जपायचे नसते.

शेंगदाण्याची गोष्ट वेगळी आहे. अॅलर्जीच्या भीतीने पाश्चात्त्य देशांत तो बाळांना उशिरा देत. 2015 साली लंडनमध्ये अॅलर्जीचा धोका असलेल्या 640 बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उलटेच निघाले. बाळपणीच नियमित शेंगदाणा खाल्लेल्या मुलांत पाच वर्षांच्या वयात त्याची अॅलर्जी सुमारे 80 टक्के कमी आढळली. आपल्याकडे भाजलेल्या दाण्याचे बारीक कूट भाजीत, खिरीत घालतात ते बाळालाही चालते. अंगावर मोठा इसब असलेल्या बाळासाठी आधी डॉक्टरांना विचारावे. अख्खा दाणा, फुटाणा, द्राक्ष, बोर यांपैकी काहीही चार-पाच वर्षांपर्यंत हाती देऊ नये, ते श्वासनलिकेत अडकते.

वाटी, मांडी आणि सबुरी

सुरुवात दिवसातून दोन वेळा, दोन-तीन चमच्यांनी करावी. आठव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, दोन-तीन वेळा. नवव्यापासून तीन-चार वेळा आणि मध्ये एखादे फळ. वर्षाच्या बाळाने घरातल्या सगळ्यांच्या ताटातले, कमी तिखटाचे, पाऊण ते एक वाटी खावे. आईचे दूध दोन वर्षांपर्यंत किंवा पुढेही चालू ठेवावे.

नवा पदार्थ बाळाने थुंकला म्हणजे तो नावडला असे नाही. जिभेने ढकलणे ही त्याची सवय असते. दोन दिवस थांबून पुन्हा द्यावा, आठ-दहा वेळाही द्यावा लागतो. नाक दाबून, हात धरून भरवू नये. मोबाइलवर चित्रे लावून भरवण्याची नवी युक्ती सोयीची वाटते खरी, पण त्यात आपले पोट भरले की नाही हे बाळाला कळतच नाही. बाळाच्या हातातही एक चमचा द्यावा. सांडेल, भिंतीला लागेल. फरशी पुसायला बाबांना सांगावे. एकूणच जेवण भरवणे हे बायकांचे काम मानले जाते ते कशासाठी, हे कळत नाही. संध्याकाळी कारखान्यातून आलेल्या बापाच्या मांडीवर बाळ अनेकदा जास्त जेवते, कारण तो दिवसभर वाटी घेऊन त्याच्या मागे धावलेला नसतो.

बाळ पुरेसे जेवते का, हे वजनाच्या तक्त्यावरून ठरते. "आमच्याकडे सगळे बारीकच" हे कारण चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली ठरवलेल्या मापांसाठी दक्षिण दिल्लीतली बाळेही मोजली होती आणि नीट खायला मिळालेली आपली बाळे परदेशातल्या बाळांसारखीच वाढली. या मापांनुसार सहा महिन्यांची मध्यम मुलगी 7.3 किलोची, मुलगा 7.9 किलोचा. वर्षाची मुलगी 8.9, मुलगा 9.6. आकडा थोडा मागेपुढे असू शकतो. रेषा वर चढते आहे ना, हे पाहावे. दोन महिने ती सपाट राहिली तर डॉक्टरांकडे जायला हवे. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस आणि 'अ' जीवनसत्त्वाचा पहिला डोस असतो, त्या दिवशी वजन मागून करून घ्यावे.

वरचे अन्न सुरू झाल्यावर पहिल्या उन्हाळ्यात एकदा तरी जुलाब होतात. अशा वेळी घरातले पहिले वाक्य असते, "आता पोटाला विश्रांती द्या." ते ऐकू नये. आईचे दूध चालूच ठेवावे, मऊ खिचडी, दही, केळे थोडे थोडे द्यावे आणि प्रत्येक जुलाबानंतर ओ. आर. एस.चे पाणी चमच्या-चमच्याने पाजावे. झिंकची 20 मिलिग्रॅमची गोळी विरघळवून रोज एक याप्रमाणे 14 दिवस द्यावी, जुलाब तीन दिवसांत थांबले तरी. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, बाळ पाणीही पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर मात्र घरी थांबू नये, लगेच रुग्णालय गाठावे. आणि बाळ बरे झाले, की पुढचे दोन आठवडे त्याला रोज एक वेळचे जेवण जास्त द्यावे.